देवळीपर्यंतचं पाणी

आजपर्यंत हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही — आणि माझं तोंड काही गप्प बसणारं नाही, नांदेडात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. भाजीवाल्याशी भांडले तरी संध्याकाळपर्यंत चार घरांत सांगून झालेलं असतं. पण ही एक गोष्ट मी गिळून बसले आहे. नवऱ्याला माहीत नाही. रेणापूरला माझी सख्खी बहीण आहे, तिच्याजवळ मी काय काय बोललेली नाही — पण हे नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि ऐकून झाल्यावर तुम्ही काय म्हणाल याची मला फारशी फिकीर नाही, म्हणूनही.

आधी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट सांगते, म्हणजे खरी कुठे सुरू होते ते कळेल.

आम्ही लिंगायत. आमच्यात ज्याचं त्याचं स्वतःचं लिंग असतं, लहानपणी गुरूनं दिलेलं. ते चांदीच्या डबीत घालून गळ्यात बाळगायचं, रोज डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि माणूस गेला की त्याच्याबरोबर ते मातीत जायचं. हल्ली किती जण एवढं पाळतात ते सोडा. माझ्या सासूबाई पाळायच्या. त्यांना सगळे अव्वा म्हणत — निलंग्याच्याही पलीकडचं, कर्नाटकाच्या शिवेवरचं त्यांचं माहेर. पूजा झाल्याशिवाय त्यांच्या तोंडात चहाचा घोटसुद्धा जायचा नाही. तर ज्या वर्षी गोदावरीचं पाणी आमच्या घरात शिरलं, त्या वर्षी अव्वांचं लिंग वाहून गेलं. अव्वांनी अन्न सोडलं. शेवटी सुनेनं चिखलात हात घालून ते शोधून आणलं, तेव्हा त्या माउलीनं तोंडात घास घेतला. ती सून म्हणजे मी.

लातूरला आमच्या समाजाच्या बायकांनी यावरून माझा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला. एका पोरीनं निवेदन करताना गळा दाटून आल्यासारखं केलं. मी माइक हातात घेतला आणि बोलले — छान बोलले. टाळ्या पडल्या. शाल अजून आहे, थंडीत वापरते.

यातलं चिखलात हात घालणं तेवढं खरं आहे.

पाणी आलं तेव्हा आम्हाला जायला थाराच नव्हता असं नाही. लातूरला दीर आहेत. पण रस्ते बंद, गाड्या बंद. महापालिकेनं शाळेत सोय केली होती, तिथं अव्वा जाणार नव्हत्या — शेजारी कोण बसेल, कोण काय शिजवेल. म्हणून आमच्या ह्यांनी आम्हा दोघींना स्टेशनासमोरच्या एका डॉर्मिटरीत नेऊन ठेवलं. अगदी स्वस्तातली जागा. परीक्षा द्यायला आलेल्या पोरी, गुरुद्वाऱ्याला आलेले यात्रेकरू, गाडी चुकलेली माणसं उतरतात तशी. बायकांसाठी वरच्या मजल्यावर एक लांबट हॉल, त्यात लोखंडी खाटा, एकीवर एक चढवलेल्या. प्रत्येक खाटेला फुलाफुलांचा पडदा आणि मोबाइल लावायला एक बोर्ड. अव्वांना खालची खाट मिळाली, मला वरची. हे स्वतः दुकानातच राहिले. आमचं भुसार मालाचं दुकान आहे. पोती वर चढवता चढवता निम्मी भिजली होती.

शहर नुकतं कुठे पाण्यातून डोकं वर काढत होतं. रस्त्याच्या दुभाजकावर गाद्या वाळत घातलेल्या. दुकानांपुढे फुगलेल्या डाळीचे ढीग, त्यांचा आंबूस वास, त्यावर मारलेली पांढरी पावडर. टँकर आला की बायका घागरी घेऊन पळायच्या. जो तो आपलं काय गेलं ते दुसऱ्याला सांगत होता, आणि दुसरा त्याचं काय गेलं ते सांगायची वाट पाहत होता.

आणि मी? मी सुखात होते. चुकून नाही म्हटलं. मी सुखात होते.

लग्न होऊन त्या घरात आले तेव्हापासून भर दुपारी मी कधी आडवी झाले नव्हते. सून दुपारी झोपली की घराची लक्ष्मी जाते, असं अव्वांचं म्हणणं. बाळंतपणातसुद्धा मला उशीला टेकून बसवून ठेवलं होतं. त्या डॉर्मिटरीत मला एक अख्खी खाट होती. पडदा ओढला की मी कुणाची कुणी नव्हते. चूल नाही, भांडी नाहीत, गुरुद्वाऱ्याच्या लंगरमधून गरम दाल-रोटी यायची ती खायची आणि वर चढायचं. सकाळी खाली उतरून स्टेशनासमोरच्या गाड्यावर मी सुशीला खायची — आमच्याकडे चुरमुऱ्यांची करतात ती, वर कच्चा कांदा आणि लिंबू. रस्त्यात उभी राहून, एकटी, कुणी केलेली, कुणाच्या हातची याची चौकशी न करता. पन्नाशीला आलेली बाई पहिल्यांदा एकटी गाड्यावर खात होती. हसा हवं तर.

पण हे सुख कशावर उभं होतं ते सांगायचंय ना मला. ते सांगायला निघाले की गाडी दुसरीकडेच वळते. वळू देणार नाही आता.

पाणी आलं त्या सकाळी हे दुकानात गेलेले. महापालिकेची रिक्षा भोंग्यावरून ओरडत गेली, वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेत, घरं सोडा. आधी नाल्या उलट्या फिरल्या, मग गल्लीत गुडघाभर पाणी. गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टरची ट्रॉली लावली होती, तीत अव्वांना उचलून बसवलं. बसल्या बसल्या त्यांचा हात गळ्याशी गेला. डबी गळ्यात नव्हती. त्याच आठवड्यात तिचा दोरा झिजून तुटला होता, आणि आमच्या घरात नवा दोरा मठाच्या स्वामींनीच बांधायचा अशी रीत. स्वामी सोमवारी यायचे होते. तोवर लिंग मागच्या खोलीतल्या देवळीत ठेवलं होतं. देवळी म्हणजे भिंतीतला देवाचा कोनाडा, माझ्या खांद्याच्या उंचीवर. अव्वा पाठीत वाकलेल्या, त्यांचा हात पुरायचा नाही. त्या आठवड्यात रोज सकाळी मीच काढून द्यायची.

"अगं, लिंग राहिलं की देवळीत," अव्वा म्हणाल्या. "आण जा. पळ."

मी गेले. मागची खोली घराच्या खालच्या अंगाला, पायऱ्या उतरून जावं लागतं. तिथं पाणी माझ्या कमरेला लागलं. देवळी समोर होती. डबी दिसत होती, वर सकाळचं बेलपान. पाणी तिच्यापासून चांगलं खाली होतं. हात वर केला की मिळणार होती.

मी हात वर केला नाही.

घाबरले होते का? नव्हते. ट्रॅक्टरवाला ओरडत होता म्हणून घाई झाली? नाही हो. मी तिथं उभी राहून त्या डबीकडे सावकाश पाहिलं. आणि मनात एवढंच आलं — राहू दे. कुणाचं काय मागे राहिलं की कसं वाटतं, ते कळू दे हिलाही.

कारण आहे याला. सांगते, पण त्यावर मला सूट नको.

माझी आई रेणापूरला गेली तेव्हा सकाळी फोन आला, लगेच निघा, दुपारी माती द्यायची आहे. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. अव्वा पूजेला बसल्या होत्या, आणि त्यांची पूजा होऊन प्रसाद हातावर पडेपर्यंत सुनेनं उंबरा ओलांडायचा नाही, असा घरचा दंडक. मी पिशवी घेऊन दारात उभी. अव्वांच्या तळहातावर लिंग, डोळे मिटलेले. हे म्हणाले, होऊ दे अव्वांचं, आत्ता होईल. झालं नाही. त्या दिवशी पूजा रोजच्याहून लांबली. मुद्दाम? मला तर वाटतं मुद्दाम. नसेलही. सकाळची एसटी गेली, मग जीप पाहिली, आणि रेणापूरला पोचले तेव्हा माणसं हातपाय धुऊन परत येत होती. मला आईचा चेहरा बघायला मिळाला नाही. मला ओली माती बघायला मिळाली. परत आल्यावर अव्वांनी विचारलं, "जेवलीस का?" बस्स. त्याउपर त्या विषयावर एक शब्द नाही — त्यांच्याकडूनही नाही, माझ्याकडूनही नाही.

तर मी देवळीला पाठ केली. आणि बाहेर येण्याआधी त्या गढूळ पाण्यात खाली बसले. मान भिजेपर्यंत बसले. हे आवर्जून सांगतेय, कारण इथं कुणी म्हणू नये की बाई गोंधळली होती. गोंधळलेली बाई साडी गळ्यापर्यंत भिजवून घेत नाही. बाहेर येऊन सांगितलं, अव्वा, मागच्या खोलीत गळ्याइतकं पाणी आहे, देवळीत शिरलंय, डबी दिसत नाही.

मला वाटलं होतं अव्वा आकांत करतील, मला शिव्या घालतील. त्यांनी फक्त पदर डोक्यावर घेतला आणि ट्रॉलीच्या कडेला धरून बसल्या.

डॉर्मिटरीत त्यांनी अन्न घेतलं नाही. पाणी तेवढं प्यायच्या, तेही घोट घोट. ह्यांनी हात जोडले, रस्ता सुरू झाला की स्वामींना आणतो, नवीन लिंग घेऊ म्हणाले. "नवं लिंग म्हणजे नवा जन्म," अव्वा म्हणाल्या. "ह्या जन्माचं हाय ते मला पायजे. पाणी उतरलं की हुडका. तवर मला घास नगं." आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

बायकांचा हॉल सांभाळायला शबानाबाजी म्हणून एक बाई होत्या. चादरी द्यायच्या, झाडून घ्यायच्या, आणि सगळ्यांच्या आजारपणाची चौकशी करायच्या. त्या रोज अव्वांच्या खाटेशी बसून म्हणायच्या, "अम्मा, थोडा तो खा लेव. अल्ला नाराज नई होता." अव्वा मान हलवायच्या. माझ्या गळ्यात माझं लिंग होतं. मी त्यांच्या डोक्यावरच्या खाटेवर बसून सकाळची पूजा करायची, आणि खाली उतरून सुशीला खायला जायची.

तुम्ही म्हणाल, बाई, निदान पाणी उतरल्यावर तरी. हो ना. पाणी उतरलं. शबानाबाजींचा भाऊ आमच्याच भागात राहतो. त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "भाभी, तुम्हारी गल्ली खुल गई. सब लोगां जाको आरे घर देखको." मी बरं म्हटलं. आणि ह्यांचा फोन आला तेव्हा सांगितलं, अजून सोडत नाहीत, कमरेइतका चिखल आहे, भिंतीत करंट उतरतोय म्हणतात. ह्यांना पोत्यांपुढे दुसरं सुचत नव्हतं. त्यांनी विश्वास ठेवला. फोन ठेवताना पाहिलं तर शबानाबाजी हातात चादरींची चळत घेऊन उभ्या होत्या. त्यांना मराठी चांगली समजते. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग चादरी घेऊन आत गेल्या.

का नाही गेले मी? खोटं उघडं पडेल म्हणून? तेही होतं. पण सगळ्यात वर ते नव्हतं. सगळ्यात वर होती ती खाट. गेले की डबी मिळणार, डबी मिळाली की अव्वा जेवणार, जेवल्या की उठून बसणार, आणि मग घर धुणं, चूल पेटवणं, हाका. मला अजून एक दुपार हवी होती. ती मिळाली की आणखी एक. खाली एक म्हातारी उपाशी पडलेली, आणि वर मी पडदा ओढून झोपलेली. झोप कशी लागत होती विचाराल? गाढ.

अशाच एका दुपारी शबानाबाजींनी माझा पाय धरून हलवलं. "भाभी, उठो. अम्मा कू देखो." अव्वांची जीभ कोरडी पडली होती, डोळे अर्धवट उघडे, मला ओळखेनात. शबानाबाजींनी आणि मी मिळून अव्वांना जिन्यावरून उतरवलं, रिक्षात घातलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, तपासण्या केल्या, आणि ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की किडनीवर ताण आलाय, वय झालंय, बघू. एवढा धिप्पाड माणूस, भिंतीला टेकून रडायला लागला. "तू एकदा बघून ये की गं," मला म्हणाला. "मरू दे तो करंट. का मी जाऊ?"

तेव्हा गेले मी. दया आली म्हणून? तसं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. हे घरी गेले असते तर देवळीत काय आहे ते त्यांना दिसलं असतं, म्हणून गेले.

घरात पोटरीभर चिखल. मागच्या खोलीत सडलेल्या शेंगांसारखा कुजका वास. आणि भिंतीवर पाण्यानं आखलेली रेघ, तांबूस, चारी बाजूंना सरळ. माझ्या बरगडीशी. देवळी तिच्या चांगली वीत-दीड वीत वर. देवळीत डबी होती तशीच होती. कोरडी. वर बेलपान, वाळून गुंडाळलेलं. पूर आला नि गेला, पण त्या देवळीला त्याचा पत्ताच नव्हता.

मी आधी डबीला हात लावला नाही. आधी रेघ वर चढवली. चिखल ओंजळीत घेऊन भिंतीला फासला, फडक्यानं पसरला, खराट्यानं पाणी उडवलं. देवळीच्या वरपर्यंत. एकच भिंत करून भागेना, चारही कराव्या लागल्या, दारामागचा कोपरासुद्धा. सारवायची सवय होती लहानपणापासून, कामाला आली. मग देवळीत चिखल भरला. आणि मग ते बेलपान काढून टाकलं आणि डबी चिखलात बुडवली. अव्वांचं लिंग — ज्याला त्या विटाळाचा वारा लागू देत नव्हत्या — ते मी नालीच्या घाणीत दाबलं, पुन्हा वर काढलं, पुन्हा दाबलं. नीट माखलं पाहिजे ना.

दवाखान्यात गेले तेव्हा कोपरापर्यंत हात बरबटलेले होते. मूठ उघडली. अव्वांनी पाहिलं. सलाईन लावलेला हात उचलता येईना, म्हणून दुसरा पुढे केला. नर्स ओरडली, तरी त्यांनी पेल्यातल्या पाण्यानं डबी धुतली, लिंग तळहातावर घेतलं, आणि डोळे मिटले. या खेपेला पूजा लांबली नाही. मग त्यांनी तांदळाची पेज घेतली, चमच्यानं, ह्यांच्या हातून. आणि माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या, "घाणीत हात घातलास व्हय, माझ्यापायी?"

खोलीतल्या बायका रडल्या. मीही रडले. ते नाटक नव्हतं. पण कशाचं रडू होतं ते मला विचारू नका, मला खरंच माहीत नाही.

तलाठी पंचनाम्याला आला, तरणाबांड पोरगा. टेपनं मोजत पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत गेला, भिंतीकडे पाहिलं, परत पुढे आला, परत मागे गेला. "काकू, पाणी तर सगळीकडं सारखंच ऱ्हातंय ना? पायऱ्यांचा उतार धरला तरी हितंच एवढं वर कसं चढलं?" मी म्हटलं, बाबा, मागची खोली खचलीय पहिल्यापासून. तो हसला आणि पुढच्या घराला गेला. माझ्या घरात पूर दोन उंचींचा आला होता, आणि हे त्या पोराशिवाय कुणाच्या डोळ्यावर आलं नाही. पुढे आम्ही रंग दिला.

त्यानंतर अव्वा बदलल्या. हेच तर सगळ्यात अवघड आहे सांगायला. त्या मला लेकी म्हणायला लागल्या. आल्या-गेल्याला चिखलाची गोष्ट सांगायच्या, दर वेळी चिखल थोडा वाढायचा. दुपारी मी भांडी घासत बसले तर म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे की. पड जरा." आणि खरंच पडले तर लातूरहून आलेल्या नातवंडांवर डोळे वटारायच्या, आवाज करू नका म्हणून. मला हवं होतं ते सगळं मिळालं. घरात, हक्कानं, मानानं मिळालं. खोट्यावर मिळालं म्हणून परत करायला हवं होतं का? केलं नाही. करणारही नव्हते.

फक्त किडनी काही सावरली नाही. उपासात मार बसला तो बसला, असं डॉक्टर म्हणाले. मग डायलिसिस. आठवड्यातून दोनदा मी त्यांना घेऊन जायची. मशीन चालू असताना त्या बोलत राहायच्या, माहेरचं, कानडी-मराठी मिसळून. एकदा बोलता बोलता थांबल्या. म्हणाल्या, "त्या लॉजात तू वरच्या खाटंवर निजायचीस. मी खालून बघत ऱ्हायची. तुझा हात पडद्यातनं बाहेर लोंबायचा. पोटात आग पडलेली असायची माझ्या, पर तुला झोप लागलेली बघून बरं वाटायचं बघ. उभ्या जन्मात मी तुला कवा निजू दिलं न्हाई." मग म्हणाल्या, "तुझ्या आईच्या टायमाला बी चुकलं माझं."

सांगायची वेळ होती तर ती होती. दुसरी कुठली? आम्ही दोघीच होतो. मशीनचा आवाज एवढा की शेजारच्या खाटेवर ऐकू जाणार नाही. त्यांनी त्यांचं सांगितलं होतं. माझी पाळी होती.

मी त्यांच्या पायावरची चादर नीट केली आणि म्हटलं, असू द्या अव्वा, जुनं झालं ते.

यालाच भ्याडपणा म्हणतात, मला माहीत आहे. देवळीसमोर हात वर केला नाही, त्याची मला लाज नाही वाटत — तेव्हा मी रागात होते, आणि राग माझा खरा होता. खाटेवर झोपून राहिले त्याची वाटते, कधी कधी. पण त्या दिवशी चादर नीट केली, त्याची रोज वाटते.

पुढच्या उन्हाळ्यात अव्वा गेल्या. त्यांनी सांगून ठेवलं होतं की लिंग सुनेनंच हातावर ठेवायचं, तिनं आणलेलं आहे. स्वामी कुरकुरले, पण ऐकलं. खड्ड्यात त्यांना मांडी घालून बसवलं, कपाळाला विभूती लावली, आणि सगळ्यांदेखत मी खाली उतरले. डावा हात उघडून त्यावर लिंग ठेवलं, बोटं मिटवली. वर आल्यावर बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, भाग्यवान म्हणत होत्या. ह्यांच्या शेजारी उभं राहून मी माती लोटली.

सगळे म्हणतात, अव्वा पुरानं नेल्या. बातमी द्यायला फोन केले तेव्हा मीही तेच म्हटलं. पुरानं नाही नेल्या. पाणी आमच्या देवळीपर्यंत आलंच नव्हतं.

लातूरच्या बायकांचा परवा फोन आला होता. नव्या सुनांसाठी काहीतरी ठेवलंय, ताई, तुम्ही ती चिखलाची गोष्ट सांगा, त्यांच्यापुढे काहीतरी आदर्श हवा. मी हो म्हटलंय. शाल घेऊन जाईन, माइक हातात घेईन आणि नेहमीसारखी सांगेन, गळ्याइतकं पाणी, कमरेइतका चिखल. चांगली सांगते मी. आता सवय झाली आहे.